उसना ताल

गेल्या ज्येष्ठात आमच्या घरी पाहुणे आले होते. पाहुणे म्हणजे परके कोणी नव्हेत. आमची धाकटी कन्या, जावई आणि त्यांचा पंधरा वर्षांचा चिरंजीव. ही मंडळी अमेरिकेत व्हर्जिनिया संस्थानात, वॉशिंग्टन राजधानीला अगदी लागून असलेल्या भागात राहतात. नातू आल्या दिवसापासून कानात त्या दोन गुंड्या घालून झोपाळ्यावर बसे आणि पायाने ठेका धरी. तिसऱ्या दिवशी आमच्याने राहवेना. 'काय रे, एवढे ऐकतोस तरी काय?' असे विचारताच त्याने एक गुंडी काढून आमच्या कानात बसविली आणि म्हणाला, 'आजोबा, सोजा.' दुपारची वेळ, जेवण नुकतेच आटोपलेले. आम्हांस वाटले, नातू हिंदीत आम्हांस निजावयास सांगत आहे!

'सोजा' हे एका गायकवादकांच्या मंडळाचे नाव आहे, हा उलगडा मागाहून झाला. पूर्ण नाव 'सोल्जर्स ऑफ जाह आर्मी', म्हणजे जाह या परमेश्वराच्या सेनेतील शिपाई. त्याची इंग्रजी आद्याक्षरे जोडून सोजा. मंडळ व्हर्जिनियातलेच, आमच्या नातवाच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या अंतरावरील आर्लिंग्टन गावचे. आणि त्यांचे संगीत मात्र जमैका नामक दूरच्या बेटावरचे, 'रेगे' या नावाचे.

या सदरात आजवर आम्ही सुभाषिते, शब्दांच्या व्युत्पत्ती, जुन्या शाळांच्या आठवणी असल्याच गोष्टी लिहीत आलो. तेव्हा एका अमेरिकन वाद्यवृंदाची हकीकत येथे कशाला, असे आमचे नित्याचे वाचक म्हणतील. त्याचे कारण नातवाने विचारलेला एक प्रश्न. हा मुलगा बास नावाची जाड तारांची गिटार वाजवितो, किंवा वाजवीत असे. गेल्या हिवाळ्यात शाळेच्या समारंभात त्याने व त्याच्या दोघा मित्रांनी रेगे वाजविले. दुसऱ्या दिवशी वर्गातील एका मुलाने, ज्याचे आईबाप जमैकाचे आहेत, त्यास चारचौघांत सुनावले की, हे आमचे आहे, तुझे नव्हे. तुझ्याकडे तुझे स्वतःचे काही नाही काय? तेव्हापासून गिटार कपाटात गेली. ऐकणे सुटले नाही, वाजविणे सुटले. कन्येने हे आम्हांस स्वयंपाकघरात हळूच सांगितले. पुढे दोन दिवसांनी त्याने स्वतःच विचारले, 'आजोबा, दुसऱ्याचे संगीत आपण वाजवावे का?'

पस्तीस वर्षे मास्तरकी केली, पण असला प्रश्न कोणा विद्यार्थ्याने विचारला नव्हता. 'सांगतो' असे म्हणून आम्ही मुदत मागून घेतली, आणि उरलेले दिवस त्याच्याबरोबर झोपाळ्यावर बसून ऐकण्यात घालविले. त्यातून जे कळले ते लिहितो.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातील बेट क्षेत्रफळाने आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान आहे आणि वस्ती सुमारे २८ लाख. इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणून ते वसविले. १८३८ साली गुलामी संपूर्ण उठली, तेव्हा मळेवाल्यांनी मजुरांसाठी हिंदुस्थानाकडे दृष्टी वळविली. १८४५ साली गिरमिटिया मजुरांचे पहिले जहाज तेथे लागले. ही माणसे मुख्यत्वे उत्तरेकडील, आपल्या बाजूची नव्हेत. परंतु त्यांच्या तोंडचा 'गांजा' हा शब्द जमैकाच्या बोलीत असा रुजला की, आज तेथला मनुष्य तो आपलाच समजतो. या देणगीचा अभिमान बाळगावा असे काही त्यात नाही, हे सांगणे नलगे.

१९६२ साली बेट स्वतंत्र झाले आणि किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत नवे संगीत जन्मास आले. आधी 'स्का', मग जरा संथ 'रॉकस्टेडी', आणि १९६८ च्या सुमारास रेगे. त्या वर्षी टूट्स हिबर्ट या गायकाच्या मंडळाने एक गाणे काढले, त्याच्या नावातच हा शब्द होता. तेथून तो जगभर झाला.

याचा ताल मोठा चमत्कारिक आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहावयास हवे. आपल्याकडे तालाची पहिली मात्रा म्हणजे सम. गवई कितीही हिंडून आला तरी समेवर येऊन मिळतो, आणि श्रोत्यांच्या माना तेथेच डोलतात. रेगेमध्ये चार मात्रांचे आवर्तन असते आणि पहिल्या मात्रेवर ढोलवाला हातच उचलत नाही. तेथे मौन. आघात पडतो तो तिसऱ्या मात्रेवर. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर गिटारवाला तारा छेडतो न छेडतो तोच दाबून टाकतो, त्यामुळे विळीवर भाजी चिरल्यासारखा तुटक आवाज येतो. या पद्धतीला ते लोक 'वन ड्रॉप' म्हणतात, म्हणजे पहिली मात्रा गाळलेली. इतर पाश्चात्य संगीतात घराच्या जोत्याप्रमाणे खाली, न दिसता राहणारी बास गिटार येथे मात्र ओटीवर येऊन बसते. गाण्याची खरी चाल पुष्कळदा तीच म्हणत असते. आमच्या नातवाने हेच वाद्य का निवडले, ते ऐकल्यावर कळले.

किंग्स्टनमध्ये किंग टबी या नावाने प्रसिद्ध असलेला एक यंत्रदुरुस्ती करणारा कारागीर होता. त्याने तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकावा, ढोल व बास तेवढी ठेवावी, मध्येच एखादा शब्द प्रतिध्वनीत बुडवून सोडून द्यावा, असे प्रयोग केले. त्यास 'डब' म्हणतात. दगडी विहिरीत हाक मारल्यावर जसा आवाज परत येतो, तसे ते ऐकू येते. आम्हांस स्वतःला या सर्वांत डबच अधिक आवडले. त्यात शब्द थोडे, म्हणून परकेपणाही थोडा.

या संगीताला धर्माचे अंग आहे. १९३० साली इथिओपियाच्या सिंहासनावर हाइले सेलासी यांस राज्याभिषेक झाला, तेव्हा जमैकातील काही गरिबांनी त्यांस ईश्वरी अवतार मानले. हा रास्ताफारी पंथ. जाह हे ईश्वराचे नाव जुन्या हिब्रू धर्मग्रंथातून आलेले. पंथाचे लोक जटा राखतात, व ज्या सत्तेने आपणांस गुलाम करून आणले तिला 'बॅबिलोन' म्हणतात. बॅबिलोन म्हणजे केवळ प्राचीन नगरी नव्हे. राजवाडा, फौज, सावकार, पोलीस हे सर्व मिळून बॅबिलोन. बॉब मार्ली या गायकाने ही भाषा जगाच्या कानावर घातली आणि १९८१ साली वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो वारला. कर्करोग झाला होता.

आता आर्लिंग्टनकडे येऊ. जेकब हेम्पहिल हा या मंडळाचा मुख्य गायक. त्याचे वडील आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या नोकरीत. त्यामुळे बालपणातील काही काळ पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात गेला. तेथून परत आल्यावर व्हर्जिनियात पहिलीच्या वर्गात त्यास बॉबी ली नावाचा मित्र भेटला, आणि तो आजही त्याच्या शेजारी उभा राहून बास वाजवितो. शाळेतील स्नेहसंमेलनात दोघांनी एकत्र गावे, मग ढोलवाला, मग पेटीसारखे वाद्य वाजविणारा असे एकेक मित्र मिळावेत, असे होत होत १९९७ साली मंडळ उभे राहिले. शाळासोबती इतकी वर्षे एका बैठकीत टिकले, हीच आमच्या मते पारितोषिकास पात्र गोष्ट आहे. आमच्या गावच्या भजनी मंडळात दर तीन वर्षांनी फूट पडते.

वॉशिंग्टनच्या परिसरात जमैकाचे हे संगीत अगदीच उपरे नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. त्याच शहरी १९७९ साली 'रास' नावाची ध्वनिमुद्रिका काढणारी संस्था निघाली होती, आणि कित्येक जमैकन गायकांच्या ध्वनिमुद्रिका तिने अमेरिकेत आणल्या. त्या कामात मुरलेल्या जिम फॉक्स या तंत्रज्ञाने सोजाची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका घडविण्यास हात लावला. ती २००२ साली निघाली. नाव 'पीस इन अ टाइम ऑफ वॉर', युद्धकाळातील शांतता. हे नाव उगाच पडले नव्हते. अमेरिकेचे युद्धखाते जेथे आहे ती पेंटॅगॉनची पंचकोनी इमारत आर्लिंग्टनमध्येच आहे, आणि ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहृत विमान येऊन आदळले ते तेथेच. म्हणजे या पोरांच्या गावातच युद्धाचा भडका उडाला होता, आणि देशाचे सैन्य अफगाणिस्तानात उतरले होते.

ही पहिली ध्वनिमुद्रिका ऐकताना आम्हांस एक गोष्ट खटकली, आणि नातवानेही ती कबूल केली. गाणारा मुलगा व्हर्जिनियाचा, पण उच्चार किंग्स्टनचे. स्वर, हेल, शब्द तोडण्याची लकब, सर्व उसने. बास भारदस्त, डबचा प्रतिध्वनी जागच्या जागी, कसबात खोट नाही. पण मुंजीत बटूने भिक्षावळीचे संस्कृत वाक्य म्हणावे तसे ते वाटते. पाठ चोख, पण वाक्य अजून त्याचे झालेले नाही. विद्यार्थिदशेत यात गैर काही नाही. शिष्य आधी गुरूच्या खोकल्याचीही नक्कल करतो, असे गवयांत म्हणतातच. प्रश्न असतो तो पुढे काय होते याचा.

पुढे काय झाले ते २००९ सालच्या ध्वनिमुद्रिकेवरून कळते. तिचे नाव 'बॉर्न इन बॅबिलोन', म्हणजे आमचा जन्म बॅबिलोनमध्येच झाला. या नावापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. जमैकाचा रास्ता बॅबिलोनकडे बोट दाखवितो तेव्हा ते समुद्रापलीकडे असते. आर्लिंग्टनच्या मुलाने बोट दाखवावयाचे कोणाकडे? युद्धखाते गावात, नाणेनिधी नदीपलीकडे, आणि बापाचा पगार त्याच नाणेनिधीतून आलेला. तेव्हा त्याने दुसऱ्याच्या तोंडचा शब्द घेऊन प्रथमच स्वतःकडे बोट दाखविले. येथे आवाजातही फरक पडला आहे. जमैकन हेल पुष्कळसा ओसरला. ट्रम्पेट व सॅक्सोफोन ही फुंकीची वाद्ये पुढे आली. साधी, घरगुती प्रेमगीते आली. 'यू अँड मी' हे त्यातलेच, आणि आमच्या सौभाग्यवतीस तेवढे एक गाणे पसंत पडले. जो ताल उसना होता तो तसाच राहिला, पण त्यावर बोलणारा मनुष्य आता स्वतःच्या घरचे बोलू लागला. आमच्या अल्पमतीप्रमाणे मंडळाची सर्वांत सरस कृती हीच.

त्यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगतो. २०१२ सालच्या 'स्ट्रेंग्थ टू सर्व्हाइव्ह' या ध्वनिमुद्रिकेपासून त्यांस मोठ्या प्रकाशकाचा आश्रय मिळाला. रूप अधिक घोटीव झाले, कडा घासल्या गेल्या. काही गाण्यांत तर रेगे केवळ पायाखाली उरते, वर साधी अमेरिकन गिटार व गोष्ट सांगणारा आवाज. जुन्या श्रोत्यांस हे रुचले नाही. नातवास मात्र रुचते, कारण तो येथूनच ऐकू लागला. २०१४ सालच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव त्यांनी माक्स एरमन या अमेरिकन लेखकाच्या १९२७ सालच्या गद्यकाव्यातून उचलले; तिची घडण जमैकात जन्मलेल्या सुपा डप्स नामक जाणकाराकडून करवून घेतली, आणि तीत बॉब मार्लीचा पुत्र डेमियन मार्ली त्यांच्याबरोबर गायिला. ही गोष्ट लहान नव्हे. घराण्याच्या वारसाने मैफलीत शेजारी बसवून घेणे याचा अर्थ आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. ती ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या ग्रॅमी पारितोषिकासाठी सुचविली गेली. मिळाले मात्र डेमियनच्याच थोरल्या बंधूस, झिगी मार्लीस. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मग २०२१ साली 'ब्यूटी इन द सायलेन्स' निघाली. पाहुणे गायक पुष्कळ, जुने इंग्रज मंडळ यूबी ४० मधील अली कॅम्पबेल व ॲस्ट्रो हे दोघेही. दुर्दैवाने ॲस्ट्रो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वारला. ध्वनिमुद्रिका गोड आहे. जरा अधिकच गोड, लग्नाच्या पंगतीतील तिसऱ्या वाढीच्या जिलबीसारखी. आणि हिलाच ३ एप्रिल २०२२ रोजी लास व्हेगास येथे सर्वोत्तम रेगेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

येथे वादाला तोंड फुटले. त्या वर्षी सहा नावे स्पर्धेत होती. सोजा सोडल्यास बाकीची पाचही जमैकाच्या रक्ताची: शॉन पॉल, स्पाइस, एटाना, जेसी रॉयल व ग्रॅम्प्स मॉर्गन. ही पाच मागे पडली आणि ज्यांच्यात जमैकाचा कोणी नाही त्या मंडळास मान मिळाला. त्यात आदल्याच वर्षी हे पारितोषिक टूट्स हिबर्टच्या मंडळास मिळाले होते. ज्याच्या गाण्याने संगीताला नाव दिले तो हा टूट्स, आणि ते त्याच्या निधनानंतर मिळाले. शिवाय या पारितोषिकाची मूळ कथाच कडवट आहे. रेगेसाठी स्वतंत्र ग्रॅमी १९८५ पासून देऊ लागले, मार्लीस जाऊन तेव्हा चार वर्षे होत आली होती. जिवंतपणी त्यास एकही मिळाले नाही. अशा पार्श्वभूमीवर जमैकन माणसाच्या मनाला झोंबले, तर त्यास क्षुद्र म्हणवत नाही. समाजमाध्यमांतून पुष्कळ राग व्यक्त झाला. नातवाच्या वर्गातील मुलाने हे सर्व घरी मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकले असणारच.

आता यावर आमचे मत काय? आरंभी आमचे मत झटकन झाले होते, आणि त्याला आमच्याच आयुष्यातील एक प्रसंग कारण होता. आम्ही नोकरीस लागून चार-पाच वर्षे झाली असतील. शाळेत संस्कृत पाठांतराची स्पर्धा असे आणि तिचे पहिले बक्षीस वर्षानुवर्षे ठराविक आळीतील मुलांकडे जाई. त्या वर्षी ते एका सुताराच्या मुलाने मिळविले. स्मरण सांगतो, इतके शुद्ध विसर्ग आम्ही स्वतःही काढीत नसू. संध्याकाळी एक प्रतिष्ठित पालक आमच्या बिऱ्हाडी आले, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, 'मास्तर, आपल्या घरातली वस्तू बाहेर दिलीत.' आम्ही काय उत्तर दिले? काहीच नाही. हसून वेळ मारून नेली. पुढे तो मुलगा संस्कृत घेऊन पदवीधर झाला, आम्हांस येऊन नमस्कार करून गेला; पण त्या संध्याकाळचे आमचे हसणे आम्हांस अजून टोचते.

तेव्हा नातवाने प्रश्न विचारला त्या क्षणी आमचे उत्तर तयार होते: विद्या कोणाच्या घरची नसते, जो कष्ट करील त्याची. सोजाने कष्ट केले, बक्षीस नेले. वर्गातील तो जमैकन मुलगा म्हणजे आमच्याकडे चहाला आलेले ते गृहस्थ!

परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आले की दृष्टान्त उलटा आहे. सुताराच्या मुलाला जी विद्या मिळाली, ती ज्यांनी शतकानुशतके कडी लावून ठेवली होती त्यांच्याकडून मिळाली. त्याने बक्षीस नेल्याने आमच्या आळीत कोणाची चूल विझली नाही. येथे मात्र ज्यांच्यापाशी फार थोडे होते, त्यांनी आपल्या दुःखातून एक वस्तू घडविली. आणि ज्यांच्यापाशी राजधानी, मुद्रणालये, नाट्यगृहे, मतदार सर्व काही आहे, त्यांच्या मुलाने ती उचलून त्यांच्याच पंगतीत पहिल्या पाटावर बसावे, असे झाले. ग्रॅमीची मते देणारे सभासद बहुतांशी अमेरिकन. ज्याचे कार्यक्रम अमेरिकेच्या गावोगावी होतात, त्याचे नाव त्यांस परिचित. कागदावरील पाच नावांपैकी कित्येकांचे गाणे त्यांनी ऐकलेही नसेल. तेव्हा चहाला आलेले गृहस्थ आणि हा मुलगा एका मापाने मोजता येत नाहीत. एक आपली मालकी राखीत होता, दुसरा आपले हरवणे सांगत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही नातवास आपल्याकडची एक गोष्ट सांगितली. महाराष्ट्रात आज जे ख्यालगायन घरोघर मानाने ऐकतात, ते मूळ येथले नव्हे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ते शिकले वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी, आणि वासुदेवबुवा हे ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँ यांच्या तालमीतले. पुढे अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरास राहिले, अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस. त्यांच्या विद्येने किती चित्पावन, देशस्थ घरांतील मुलेमुली गवई झाली! ते संगीत उसनेच. आमचे नव्हे म्हणून सोडले असते तर आपण आज मुके असतो. परंतु घेणाऱ्यांनी एक केले. खाँसाहेबांचे नाव उच्चारताना आजही गवयाचा हात कानाच्या पाळीकडे जातो.

'म्हणजे क्रेडिट द्यायचे,' नातू म्हणाला.

तेवढ्याने भागत नाही, असे आम्ही म्हणालो. पूर्वी वाड्यात शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणीत. परत करताना वाटी शिगोशीग भरून द्यावयाची, आणि रिकामी तर कधीच नाही, हा दंडक होता. सोजाने वाटीत काय घालून परत केले, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. आमच्या मते काही घातले आहे. जटा राखल्या, जमैकन हेल घेतला, ती केवळ उचल. त्याचे श्रेय आम्ही देत नाही. पण बॅबिलोनमध्ये जन्मलेल्याने बॅबिलोनविषयी काय म्हणावे, हे जमैकाचा गायक सांगू शकत नव्हता. ते व्हर्जिनियाच्याच मुलाने सांगावयाचे होते, आणि त्याने ते काही अंशी सांगितले. डेमियनला सोबत घेऊन गायिले, हेही वाटीतले. पारितोषिकाच्या वर्षीची ध्वनिमुद्रिका मात्र आम्हांस हलकी वाटते, आणि त्या वर्षी ते दुसऱ्या कोणाकडे जाते तर बरे झाले असते असे आमचे प्रामाणिक मत आहे. त्यात मंडळाचा दोष नाही. स्पर्धेत नाव गेले म्हणून कोणी चोर होत नाही. दोष मते देणाऱ्यांच्या आळशी कानांचा.

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'पण आजोबा, माझे काय? मी तर व्हर्जिनियाचाही पुरता नाही.'

हे वाक्य ऐकून त्याची आई आतून बाहेर आली व दारात उभी राहिली. आम्हांसही क्षणभर सुचेना. शेवटी आम्ही त्यास एवढेच विचारले की, त्या मुलाच्या घरी कोणते संगीत ऐकतात, हे तू कधी विचारलेस काय? त्याने मान हलविली. मग परत गेल्यावर आधी ते विचार, म्हटले. त्याच्या आजोबांना काय आवडते ते विचार. कदाचित तो दार लावून घेईल. कदाचित आत घेईल. आत घेतले तर आधी महिनाभर नुसते ऐकून ये, आणि मग गिटार काढावीशी वाटली तर काढ. सोजाच्या पोरांना घडवावयास जाणता मनुष्य गावातच भेटला होता. तुला कदाचित वर्गातच भेटला असेल, आणि तू त्याच्यावर रुसून बसला आहेस.

हे त्यास पटले की नाही, कळले नाही. 'बघतो' म्हणाला. पंधराव्या वर्षी 'बघतो' म्हणजे पुष्कळच झाले.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने शेजारच्या वाड्यातून एका मुलाची साधी गिटार मागून आणली आणि झोपाळ्यावर बसून जाड तारांवर एक चाल धरली. सहा महिन्यांत बोटे मऊ पडली होती, मधूनमधून तोंड वाकडे करी. आम्ही शेजारी बसून सवयीने समेवर टाळी दिली.

'आजोबा, तिथे नाही.'

'मग कुठे?'

'तिसऱ्यावर. पहिल्यावर काही करायचे नाही.'

साठ वर्षे जेथे हात पडत आला तेथे तो आवरणे सोपे नाही. आम्ही पुनःपुन्हा चुकत होतो आणि तो पुनःपुन्हा पहिल्यापासून सुरू करीत होता. सौभाग्यवतीने दोनदा जेवणास हाक मारली. दुसऱ्या दिवशी पहाटे मोटारीत त्यांचे सामान चढवीपर्यंत आम्हांस ते सलग चार आवर्तने जमले होते. पाचव्याला पुन्हा हात पडला.